बाबांच्या ताट्या

९ जानेवारी

शेंडेफळा,

हे पत्र कामाचं आहे. फाडायचंच असेल तर कामापुरतं वाच आणि मग खुशाल फाड. फोन तू उचलत नाहीस. दोन वर्षांत मी तीनदा फोन केला म्हणजे मी तुझ्या मागे लागले असा अर्थ काढू नकोस. त्यातला एक तर चुकून लागला होता.

तर काम असं. इस्पितळाच्या फाटकापासून आपल्या क्वार्टरच्या कुंपणापर्यंत बाबांनी लावलेली चौदा शोभेची सफरचंदं पुन्हा आजारी आहेत. दहा नंबरपासून चौदापर्यंत. काटकी वाळते, मग तिथून ते वाळणं फांदीत उतरतं, आणि सालीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या नारिंगी पुटकुळ्या उठतात. तीच ती बुरशी. मी कापते, पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. जाताना जणू सामान ठेवूनच जाते.

सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. हो, इस्पितळाच्या प्रमुख अजून त्याच आहेत आणि अजून चष्म्यावरूनच बघतात. म्हणाल्या, "एप्रिलात फुलं आली की तपासनीस येईल. एक जरी झाड आजारी निघालं तरी सगळी रांग काढायची. ॲम्ब्युलन्सना वळायला नाहीतरी जागा नाहीच." मी म्हटलं, "बाई, त्या फुलांसाठी पेशंट लांबच्या दारानं आत येतात." त्या म्हणाल्या, "पेशंट बरे व्हायला येतात." मी आले परत.

बाबांना हे सांगितलेलं नाही. चौदाच्या चौदा झाडं त्यांनी हातानं लावली, इथे माळ्याची नोकरी लागल्याच्या पहिल्या वर्षी. ती पाडली तर त्यांचं काय होईल ते मला लिहायला लावू नकोस.

म्हणून विचारते. तू करवत नक्की कशात बुडवायचास आणि किती वेळ? मी स्पिरिट वापरते, मिनिटभर. चुकतंय का काही? वरच्या फांद्या राहिल्यात, कारण माझा गुडघा जरा लचकलाय. विशेष काही नाही.

हत्यारांच्या खोलीतली पाटी अजून तिथेच आहे. तुला वाटेल मी मुद्दाम ठेवली. नियम हा नियम असतो, एवढंच.

बाबा मजेत आहेत. दिवसभर व्हरांड्यात बसून वाटाण्याच्या वेलांसाठी ताट्या बांधतात. या वर्षीची चौथी झाली.

ताई

ता.क. ये असं मी म्हटलेलं नाही. नीट वाच, कुठेही म्हटलेलं नाही.


२१ जानेवारी

शेंडेफळा,

काल तुझं कार्ड मिळालं. "स्पिरिटमध्येच बुडव. अर्धा मिनिट पुरे." दोन वर्षांनी पाच शब्द. मी ते कार्ड उलटून पाहिलं, मागे काही राहिलंय का म्हणून. मागे माझाच पत्ता.

तरी अक्षर तुझंच होतं. बाबांनी कार्ड चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मग मला विचारतात, "कुणाचं आहे?" जसं काही त्यांना कळलंच नव्हतं. जेवताना स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आता खरं सांगते, कारण तू अर्धा मिनिट म्हटलंस आणि मी मिनिटभर बुडवते, म्हणजे माझं काही चुकत नव्हतं. गुडघा लचकलेला नाही. नोव्हेंबरात मी तेरा नंबरवरून पडले. शिडी सरकली. शिडी कुणी धरली नव्हती, कारण शिडी धरणारा माणूस रोपवाटिकेत नोकरी करायला दूर निघून गेला आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, थोडा टोमणा आहे.

डॉक्टरला दाखवलं नाही. इस्पितळाच्या आवारात राहून डॉक्टरकडे जायला वेळ मिळत नाही. हसू नकोस.

तर वर चढता येत नाही म्हणून गेले दहा दिवस मी खालीच फिरते आहे, काठी टेकत. आणि खालून बघितलं की वेगळंच दिसतं. दोन वर्षांपूर्वी आपण छाटणी सुरू केली होती ती फाटकापासून, आठवतं? एक नंबर, दोन नंबर, असं करत तू आपल्या कुंपणाकडे आलास. करवतीनं रोग पसरला असता तर तो तुझ्यामागून यायला हवा होता. मधली झाडं आधी लागायला हवी होती. एक ते नऊ आजही धडधाकट आहेत. रोग सुरू झाला तो दुसऱ्या टोकाला, बारा आणि तेरा नंबरला, आणि तोही अगदी खालच्या फांद्यांपासून. तिथून तो वर चढला.

म्हणजे खालून काहीतरी उडतंय. मी माती खणून पाहिली. मुळं चांगली आहेत. पाणी वेळेवर आहे. पाला मी दरवर्षी गोळा करते.

मी विचार करते आहे. तुला यातलं काही सुचलं तर पाचापेक्षा जास्त शब्द लिही. कार्डावर जागा असते.

बाबांची आठवी ताटी झाली. उजव्या हाताची बोटं आता पूर्ण वळतात. पक्षाघाताचा झटका आल्यानंतर फिजिओवाल्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीतून फेकून दिला होता, तुला माहीतच आहे. या गाठींनी मात्र हात परत आणला. फिजिओवाल्या बाई आता दुसऱ्या पेशंटना आणून बाबांची बोटं दाखवतात.

ताई


४ फेब्रुवारी

शेंडेफळा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन्हींत मी स्वतःची बाजू मांडत होते, म्हणून ती चुलीत घातली.

काल सकाळी पाऊस भुरभुरून गेला. मी दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले. कुंपणाशी, बारा आणि तेरा नंबरखाली, बाबांच्या ताट्या उभ्या होत्या. गेल्या वर्षीच्या जुन्या आणि या वर्षीच्या नव्या. ओल्या झाल्या होत्या. आणि त्या नारिंगी होत्या. एक दोन काटक्या नाहीत, सगळ्या. प्रत्येक काटकीवर त्या पुटकुळ्या, फुगलेल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. कपडे माझ्या हातातून चिखलात पडले.

त्या काटक्या कुठून येतात ते तुला माहीत आहे. छाटलेल्या फांद्यांतून मी निवडते. सरळ, बोटभर जाड, हातभर लांब. बाकीचं जाळते आणि तेवढ्या बाबांना देते. आपल्या घरात काही फुकट जाऊ द्यायचं नाही, आणि मला त्याचा केवढा अभिमान. ज्या वर्षी पहिल्यांदा रोग दिसला त्या वर्षीही मी तेच केलं. आजारी फांद्या कापायच्या, करवत देवासारखी धुवायची, आणि मग त्याच फांद्या नीट बांधून त्याच झाडांखाली उभ्या करायच्या. पाऊस पडला की शिंतोडे उडतात ते थेट खालच्या फांद्यांवर. दरवर्षी मी रोग कापून काढला आणि दरवर्षी मीच तो परत नेऊन लावला. असं कुणी ठरवूनही करणार नाही.

आणि खापर फोडलं तुझ्या डोक्यावर. तेही घरात नाही, मोठ्या बाईंच्या खोलीत, सगळ्या माळ्यांसमोर. "यानं करवत बुडवली नाही, याच्यामुळे झाडं आजारी पडली." तू म्हणालास, "बुडवली होती." मी म्हणाले, "खोटं बोलू नकोस." मग ती पाटी रंगवून खोलीत टांगली: 'प्रत्येक झाडानंतर करवत बुडवा. नाही बुडवली तर काय होतं ते बाहेर जाऊन बघा.' तू ती वाचलीस, हातमोजे खुंटीला अडकवलेस आणि गेलास. ते हातमोजे अजून त्याच खुंटीला आहेत. मी रोज बघते. ते मी मागच्या पत्रांत लिहिलं नाही.

माझं चुकलं. नुसतं ताट्यांचं नाही, ते तर अज्ञान होतं. तुझं ऐकून न घेता चारचौघांत तुला खोटं पाडलं, ते चुकलं. मला तुझी रोज आठवण येते आणि रोज मी ती रागात गुंडाळून ठेवत होते. मला माफ कर.

आता पुढचं. ताट्या जाळायला हव्यात, सगळ्या. आणि बाबा व्हरांड्यात अकरावी बांधताहेत. आज सकाळी मी माचिस घेऊन गेले. त्यांनी मला अकरावी दाखवली. म्हणाले, "बघ, ही गाठ मी एका हातानं मारली. उजव्या." मी "छान" म्हणाले आणि माचिस खिशात घालून परत आले. त्या हातांना काय सांगू? की तुम्ही बरे होत होता ते तुमचीच झाडं मारून?

माझं डोकं चालत नाही. तू सांग काय करू.

ताई


७ फेब्रुवारी

अरे गाढवा,

आज पार्सल आलं. आखूड पण मांडीएवढं जाड, गोणपाटात शिवलेलं. पोस्टमनने ते खांद्यावरून आणलं आणि विचारलं, "आत काय, सरपण आहे का?" उघडलं तर बांबूच्या ऐंशी काड्या. घासून गुळगुळीत केलेल्या, हातभर लांब, सगळ्या एका मापाच्या. सुतळीचे चार गुंडे. आणि चिठ्ठी: "बाबांना बांधायला. माप त्यांच्या हाताचं घेतलंय, माझ्या लक्षात होतं."

मी आधी खुश झाले. मग पोस्टाचा शिक्का पाहिला. ३० जानेवारी. मी तुला ताट्यांचं लिहिलं चार फेब्रुवारीला. ते पत्र अजून तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल.

म्हणजे तुला माहीत होतं. मला कळायच्या आधी तुला माहीत होतं. कधीपासून? मी पायरीवर बसले आणि रडले, आणि मधेच संतापले, आणि मग पुन्हा रडले. पोस्टमन बिचारा सहीसाठी उभाच.

एवढ्यात बाबा काठी टेकत बाहेर आले. काड्या पाहिल्या. एक उचलून कोपरापासून बोटांपर्यंत धरली. बरोबर बसली. म्हणाले, "त्यानं पाठवल्या ना?" मी मान हलवली. "बांबू कशाला? आपल्याकडे काटक्या काय कमी आहेत?"

मग मला लपवणं जमेना. सगळं सांगितलं. काटक्या, पुटकुळ्या, शिंतोडे, मोठ्या बाई, एप्रिल, तपासनीस. एका दमात, थांबले असते तर पुढे बोलताच आलं नसतं. ते ऐकत राहिले. मग कुंपणाशी गेले, वाकून एका ताटीवरची पुटकुळी नखानं खरवडली आणि नख उन्हात धरून पाहिलं. मला वाटलं, आता बसतील खाली. मी खुर्ची आणायला वळले.

तर म्हणतात, "दोन वर्षं? दोन वर्षं तुम्ही दोघं मला काही बोलला नाहीत? मी काय लोण्याचा गोळा आहे? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत जाळल्या असत्या." मी म्हटलं, "बाबा, मला चार दिवसांपूर्वी कळलं." "मग त्याला कान धरून इथे आण," म्हणाले, "आणि माचिस दे."

माचिस माझ्या खिशातच होती. दुपारी आवाराच्या पार मागच्या टोकाला, झाडांपासून लांब, आम्ही अकराच्या अकरा आणि जुन्या सगळ्या ताट्या जाळल्या. बाबांनी प्रत्येक ताटी स्वतः टाकली. सुतळीसुद्धा सोडून ठेवू दिली नाही मला. "काही फुकट गेलं तर जाऊ दे," म्हणाले. आपल्या घरात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी बांबूची पहिली ताटी सुरू केली आणि आता तक्रार चाललीय की बांबूवर गाठ सटकते. खुशीत आहेत.

जुनी पाटी मी उतरवली. नवी रंगवली आहे. काय लिहिलं ते सांगत नाही, येऊन वाच.

वरच्या फांद्या राहिल्यात. कोरडं ऊन आहे तोवर कापायला हव्यात, कळ्या फुटायच्या आत. आता स्पष्ट लिहिते, म्हणजे पुन्हा वाचायला नको: ये.

ताई


२२ एप्रिल

शेंडेफळा,

काल तपासनीस येऊन गेला. तुला सगळं क्रमानं सांगते, मधे उडी मारून शेवट वाचू नकोस. मला माहीत आहे तू तेच करतोस.

आधी तुझ्या त्या चार दिवसांचा हिशेब. आल्या आल्या चहा न घेता तू हत्यारांच्या खोलीत गेलास, हातमोजे चढवलेस आणि थेट बारा नंबरवर. मी शिडी धरून खाली. दोन वर्षांनी भेटलेला भाऊ, आणि मला दिसत होते ते फक्त त्याचे बूट. मग वरून तू जे बोललास ते तू माझ्या तोंडाकडे बघून कधीच बोलला नसतास. की पाटी वाचून निघालास त्याच दुपारी तुला ताट्यांवरच्या पुटकुळ्या दिसल्या. बाबांना सांगायला गेलास, तर त्यांनी झटक्यानंतरची पहिली ताटी तुझ्यापुढे धरली. "बघ, बोट वळलं." मग तू बॅग उचललीस. "वाटलं, एक दोन हंगामांत तुझ्या लक्षात येईल," म्हणालास. माझ्या अकलेवर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता, आणि तो किती महागात पडला ते बघ. बोलला असतास तर मी भांडले असते, मान्य आहे. तरी बोलायचं होतंस.

बाबा खालून ओरडत होते, "कापलंय तिथे डांबर लावा." तू म्हणालास, "नाही लावायचं. जखम उघडी राहिली की झाड आपलं आपण भरून काढतं. खुंट तेवढा ठेवायचा नाही." त्यावरून तुम्हा दोघांचं अर्धा तास जुंपलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. घर पुन्हा घरासारखं वाटत होतं.

आणि चौथ्या दिवशी तू मला उचलून चाकाच्या खुर्चीत टाकलंस आणि हाडांच्या डॉक्टरांपुढे नेलंस. त्यांनी प्लॅस्टर घातलं, आठ आठवडे. तू गाडी पकडून गेलास आणि मी व्हरांड्यात बाबांशेजारी. दोघं मिळून सव्वीस ताट्या बांधल्या. माझ्या गाठी त्यांना पसंत नाहीत.

आता कालचं. रांगेत चौदाही झाडं फुलली आहेत. बारा आणि तेरा जरा बोडकी दिसतात, तू निम्मी कापलीस म्हणून, पण उरलेल्या फांद्यांवर पानापेक्षा फूल जास्त. तपासनीस भिंग घेऊन आला. एकेक झाड, एकेक फांदी. तेरा नंबरपाशी तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले. मोठ्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. शेवटी तो म्हणाला, "हा काप कुणी घेतलाय? कडेनं साल भरून येतेय. आजकाल असा काप बघायला मिळत नाही." बाबा म्हणाले, "माझ्या मुलानं." आणि मग, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "मी शिकवलंय."

रांग राहिली. मोठ्या बाई जाताना लांबच्या दारानं आत गेल्या.

आज सकाळी प्लॅस्टर निघालं. पहिलं काम म्हणून शिडी ठेवायला हत्यारांच्या खोलीत गेले. दोन महिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. माझी नवी पाटी भिंतीवर होती, जशी मी रंगवली होती: 'आजारी फांद्या लगेच जाळा. एकही काटकी झाडाखाली ठेवू नका. ती मी ठेवत होते आणि दोष भावाला देत होते.' तू गेलास तेव्हा ती वाचलीस का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. तू उत्तर दिलं नसतंस तर काय, या भीतीनं.

खाली खडूनं तुझं अक्षर. जागा संपत आली म्हणून शेवटचे शब्द बारीक केलेले: 'करवत मात्र बारा आणि तेरा नंबरला मी खरंच बुडवली नव्हती. बाटली संपली होती आणि स्टोअरपर्यंत जायचा कंटाळा आला.'

मी शिडी खाली ठेवली. मोठ्या बाईंसमोर, माझ्या डोळ्यात डोळे घालून "बुडवली होती" म्हणणारा तूच ना? दोन वर्षं मी खोटं पाडलं म्हणून तू रुसून बसलास, आणि मी परवापर्यंत दिवसाआड रडत होते. रोग त्यानं नाही, ताट्यांमुळे आला हे खरं. पण खोटं तू बोललाच होतास, चोरा.

हसत हसत बाहेर आले तर बाबा म्हणाले, "काय झालं?" त्यांना नेऊन वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि म्हणाले, "पुसू नकोस." मी कशाला पुसते? वरून पातळ वार्निशचा हात मारला, खडू टिकावा म्हणून.

तुझे हातमोजे त्याच खुंटीला आहेत. या वेळी तू मुद्दाम विसरलास हे मला कळतं. छाटणीला ये. शिडी मी धरीन.

बाटली भरून ठेवली आहे.

ताई